कोब्रा रेप्लिकाचं स्टिअरिंग थरथरतंय? पान्हा उचलण्याआधी तपासणीचा क्रम ठरवा

दर मे महिन्यात मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. मिशिगनचा हिवाळा सरतो, रस्त्यांवरचं मीठ पावसानं धुऊन जातं, गॅरेजांतून कोब्रा रेप्लिका (जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, किट आणून घरी जोडलेल्या गाड्या) बाहेर निघतात आणि आठवडाभरात कुणीतरी विचारतं, "साठ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय. तीनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, टाय रॉड एंड नवे टाकले. आता रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी) बदलू का?" यातलं काय केल्यावर थरथर कमी झाली, असं मी विचारतो. त्याचं उत्तर नसतं, कारण सगळं एकाच शनिवारी उरकलेलं असतं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होतं ते इथंच. भाग चांगले असतात, माणूसही जाणकार असतो. डेट्रॉईटच्या आसपास गाडी कंपन्यांत आयुष्य घालवलेली आपली मराठी मंडळीसुद्धा स्वतःच्या गाडीवर नेमकी हीच चूक करतात. चुकतो तो क्रम.

मी लिहितोय ती गाडी अशी: पाइपांची चासी, फायबरची बॉडी, फोर्ड मस्टँगचे पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग), ब्रेक आणि रॅक, ३०२ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, टी-५ गिअरबॉक्स, पिन-ड्राइव्ह अडॅप्टरवर (हबला लावलेला, पिनांनी चाक फिरवणारा जोडतुकडा) बसणारी १७ इंची चाकं. पॉवर स्टिअरिंग नाही. तुमची गाडी नट्सवाल्या चाकांची असेल किंवा लोटस सेव्हन या हलक्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची असेल, तरी क्रम हाच ठेवा. आकडे मात्र तुमच्या किटच्या पुस्तकातले घ्या.

एक गोष्ट मनात पक्की धरून कामाला लागा. कारखान्यातून आलेल्या गाडीत हब, चाक, रॅक आणि शाफ्ट हे सगळं एकमेकांसाठी बनलेलं आणि एकत्र तपासलेलं असतं. आपल्या गाडीत हब एकाचा, चाक दुसऱ्याचं, अडॅप्टर तिसऱ्याचा. प्रत्येक भाग निर्दोष असूनही दोष दोन भागांच्या मधल्या जागेत राहू शकतो. शिवाय ही गाडी साधारण ११०० किलोच्या आतबाहेर, मस्टँग त्याहून तीन-चारशे किलोनं जड. मस्टँगमध्ये रबरात जिरून जाणारी थरथर इथं सरळ हातात येते.

## आधी हे बघा, मगच गाडी रस्त्यावर काढा

टायरच्या बाजूला किंवा पृष्ठभागावर फुगवटा दिसला, चाकाचा नट किंवा मधला स्पिनर (पिन-ड्राइव्ह चाक धरून ठेवणारा मोठा मधला नट) सैल सापडला, स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाकं हलत नसली, किंवा काल नसलेली थरथर आज अचानक जोरात सुरू झाली, तर चाचणीची फेरी मारायची नाही. गाडी जागच्या जागी तपासायची. फुगवटा म्हणजे टायरचे आतले पट्टे सुटलेले असतात आणि तो टायर वेगात फाटतो.

## टप्पा १: तयारी

जमिनीवरचा जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, चुंबकाच्या पायाचा डायल गेज (बारीक डगमग काट्यावर दाखवणारं माप), मायक्रोमीटर, टायरचा दाब मोजायचं भरवशाचं मीटर, तारेचा ब्रश, खडू, वही, आणि एक मदतनीस. डायल गेज नसेल तर स्टँडला जाड तार बांधा, तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवत फट बघा. मिलिमीटरचा दशांश कळणार नाही, पण एक मिलिमीटरचा डगमग नजरेला नक्की दिसतो.

स्टँड लावताना चासीच्या मुख्य पाइपखालीच लावा. पातळ आडव्या पाइपखाली किंवा बॉडीच्या कडेखाली नको.

रस्ता आधी निवडून ठेवा. सपाट डांबरी, कमी रहदारीचा, आणि प्रत्येक चाचणीला तोच. आमच्याकडच्या बऱ्याच हायवेंना काँक्रीटचे सांधे आहेत. त्यांचा ठरावीक अंतरानं बसणारा धक्का चाकाच्या दोषासारखाच वाटतो आणि माणूस दिवसभर चुकीच्या वाटेनं जातो.

आता टायरचा दाब. मस्टँगच्या दारावर लिहिलेला दाब मस्टँगच्या वजनासाठी आहे. तोच कोब्रात भरला तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खडा हाताला कळतो. माझ्या गाडीत थंड टायरला २४ पीएसआय आहे. तुम्ही किटवाल्यांचा आकडा बघा आणि डावी-उजवी बाजू सारखी करा.

तपासणी: दाब सारखे, नट्स ठरलेल्या टॉर्कला, वहीत तारीख आणि मीटरवरचे मैल. यानंतरच पुढे.

## टप्पा २: लक्षण हातानं नव्हे, वहीत पकडा

टायर गरम झाल्याशिवाय काहीही लिहू नका. थंड हवेत उभ्या राहिलेल्या टायरला खालून सपाटी येते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडी उगाच थरथरते. ती थरथर आपोआप जाते. तिच्यासाठी बॅलन्सिंगचे पैसे देणारे खूप बघितलेत.

मग एकेक प्रश्न घ्या:

१. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कुठे सगळ्यात जास्त असते, कुठे संपते?

२. तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये धरा. थरथर तशीच राहिली तर तिचा संबंध रस्त्यावरच्या वेगाशी. गिअरबरोबर बदलली तर इंजिनाशी.

३. त्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा. थरथर गेली तर इंजिन, क्लच किंवा ओढीचा भार. राहिली तर चाकं, हब, किंवा गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट.

४. फक्त ब्रेक लावताना येते का?

५. लांब वळणावर, वजन एका बाजूला गेल्यावर कमी-जास्त होते का? होत असेल तर बाहेरच्या बाजूच्या बेअरिंगवर खूण करून ठेवा.

६. हाताला जास्त जाणवते की बसायच्या जागेला? हाताला असेल तर बहुधा पुढचं, बैठकीला असेल तर मागचं.

सावधान: न्यूट्रलच्या चाचणीत किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. जुन्या गाडीचा कॉलम वापरला असेल तर स्टिअरिंग लॉक पडू शकतं.

## टप्पा ३: मोबाइल आणि थोडा हिशोब

जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे. त्यात कंपनाची वारंवारता दाखवणारा भाग आहे. मोबाइल डॅशबोर्डखाली स्टिअरिंग कॉलमला पट्टीनं घट्ट बांधा आणि मदतनिसाला सुरू करायला सांगा. चालवणाऱ्यानं मोबाइलकडे बघायचं नाही.

हिशोब सोपा आहे. पुढचा टायर २४५/४५-१७ असेल तर त्याचा घेर सुमारे २.०५ मीटर. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साधारण १३ फेरे घेतं. मागच्या अॅक्सलचं गिअर गुणोत्तर ३.५५ असेल आणि मागच्या टायरची उंचीही जवळपास तेवढीच असेल, तर प्रोपेलर शाफ्ट ४६ फेरे. पाचवा गिअर ०.६८ चा असेल तर इंजिन सुमारे ३२ फेरे, म्हणजे मिनिटाला १९०० च्या आसपास.

आता आलेखातलं टोक बघा. १३ वर असेल तर टायर, चाक किंवा हब. २६ वर असेल तर एका फेरीत दोनदा बसणारा धक्का, म्हणजे लंबगोल झालेला टायर किंवा वाकलेली रिम. ३२ वर असेल तर टप्पा ११. ४६ वर असेल तर मागे जा, स्टिअरिंग खोलू नका. बरेच मोबाइल सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतात, तेव्हा ५० च्या वरच्या टोकांवर विसंबू नका.

आकडे थोडे इकडेतिकडे होतील. १३ की ३२ एवढं कळलं तरी अर्धी गाडी संशयातून सुटते.

## टप्पा ४: टायर

आधी वय. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. आपल्या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. नक्षी बघून टायर चांगला ठरवणं ही नेहमीची चूक.

मग तळवा टायरवरून दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं, किंवा लाटा लागल्या, तर ते लिहा. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मधल्या पट्ट्यावर उंची-सखलपणा मोजा. दीड मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. जास्त असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून बघा. रिमचा उंच भाग आणि टायरचा उंच भाग एकत्र आले असतील तर एवढ्यानंच काम होतं.

हिवाळाभर एका जागी उभ्या गाडीची सपाटी कधीकधी कायमची होते. वीस मिनिटांनंतरही धडधड तीच असेल तर त्या टायरला उपाय नाही. पुढच्या हिवाळ्यात गाडी स्टँडवर ठेवा.

## टप्पा ५: चाक हबवर बसतं कसं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. रेप्लिकांमधली न जाणारी थरथर मला सगळ्यात जास्त वेळा इथं सापडली आहे, आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथंच देतात.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. डेट्रॉईटच्या वूडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये गाड्यांचा मोठा मेळा भरतो, त्याच्या आधी दोन आठवडे ५५ ते ६५ मैलांमध्ये स्टिअरिंग घड्याळाच्या लंबकासारखं डावं-उजवं हलायला लागलं. आलेखात टोक स्वच्छ १३ वर. चार वेळा बॅलन्सिंग केलं. चारही वेळा मशीननं शून्य दाखवलं आणि चारही वेळा गाडी तशीच. शेवटी चाक काढून दिवा जवळ नेला. डाव्या अडॅप्टरच्या तोंडावर, जिथं चाक टेकतं तिथं, एका बाजूला घासून चकाकलेली चंद्रकोर होती आणि समोरच्या बाजूचं काळं पावडर कोटिंग जसंच्या तसं होतं, ओरखडाही नाही. चकाकत्या बाजूला बोट फिरवलं तर कडेला सुकलेल्या रंगाचा थेंब नखाला लागला. चाक त्या थेंबावर टेकून तिरकं बसत होतं. अडॅप्टर ज्यांच्याकडून रंगवून घेतले त्यांनी बसायची जागा झाकली नव्हती आणि जोडताना मीही बघितलं नव्हतं. अडॅप्टर गाडीलाच राहतो, बॅलन्सिंगच्या मशीनवर जात नाही. मशीन बरोबरच सांगत होतं, ते फक्त चाकाबद्दल सांगत होतं.

रंग खरवडण्याआधी रिमच्या कडेचा आडवा डगमग १.१ मिलिमीटर होता, नंतर ०.३. थरथर त्याच दिवशी गेली.

म्हणून हे याच क्रमानं करा:

१. चाक काढण्याआधी स्टडवर आणि चाकावर समोरासमोर खडूची खूण करा. ही खूण पुढे लागते.

२. चाक काढा, अडॅप्टर काढा, डिस्कही काढा. हब, डिस्क, अडॅप्टर आणि चाक यांची टेकणारी प्रत्येक बाजू दिव्याखाली बघा. गंज, रंग, ग्रीसचा जाड थर, काहीही असेल तर तारेच्या ब्रशनं धातूपर्यंत साफ करा. ग्राइंडर लावू नका, सपाटी जाते.

३. मस्टँगच्या स्टडवर कारखान्यातून डिस्क धरून ठेवायला पातळ पत्र्याच्या चकत्या आलेल्या असतात. अडॅप्टरची पाठ सपाट असेल तर त्या चकत्या त्याला नीट टेकू देत नाहीत. त्या काढून टाका. गाडीच्या चालण्यात त्यांचं काही काम नाही.

४. चाक मध्यावर कशानं येतं ते ओळखा. फोर्डच्या हबचा मधला गोल सुमारे ७०.६ मिलिमीटरचा. चाकाचं भोक मोठं असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग लागते. नट्सनीच मध्यावर येणारं चाक असेल तर नटाचं बूड आणि चाकाची बैठक एकाच आकाराची हवी. निमुळता नट निमुळत्या बैठकीत, सपाट वॉशरचा नट सपाट बैठकीत. यात सरमिसळ झाली की चाक कधीच मध्यावर येत नाही आणि नट सैलही होतो.

५. पिन-ड्राइव्ह असेल तर पिना अडॅप्टरमध्ये हलत नाहीत ना, चाकाची भोकं लांबट झाली नाहीत ना, हे बघा.

६. चाक हवेत असतानाच नट्स हातानं बसवा, मग चांदणीच्या क्रमानं, एकदम नाही तर तीन फेऱ्यांत. माझे अर्ध्या इंची स्टड आहेत. मी ४०, ७०, १०० फूट-पाउंड असं जातो, म्हणजे शेवटी सुमारे १३५ न्यूटन-मीटर. स्पिनरचा टॉर्क याहून पुष्कळ जास्त असतो, तो अडॅप्टर बनवणाऱ्यानं दिलेलाच घ्या.

सावधान: डाव्या आणि उजव्या बाजूच्या स्पिनरचे आटे उलट दिशेचे असतात. अडॅप्टरसकट त्यांची अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत स्पिनर उघडत जातो. बाजूची खूण वाचल्याशिवाय लावू नका. लॉकची तार किंवा पिन परत बसवली का, हेही बघा.

तपासणी: हबच्या तोंडावर डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत, रिमच्या कडेला ०.७५ च्या आत. रिमवर जास्त आलं तर चाक खडूच्या खुणेपासून दोन स्टड पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. उंच जागा चाकाबरोबर सरकली तर दोष चाकात. जागच्या जागी राहिली तर हबात किंवा अडॅप्टरमध्ये. या एका युक्तीनं कितीतरी चांगल्या रिम भंगारात जायच्या वाचतील.

आता फेरी मारून या. अजून दुसरं काही करू नका.

## टप्पा ६: बॅलन्सिंग, एकदाच पण नीट

दुकानात चाक टेकवून निघून येऊ नका, समोर उभे राहा. चाक मशीनवर मधल्या भोकाच्या शंकूवर बसवलं आणि गाडीवर ते नट्सनी मध्यावर येत असेल, तर मशीनचा मध्य आणि गाडीचा मध्य वेगळा पडतो. अशा चाकाला स्टडच्या भोकांत बोटं घालणारी प्लेट लागते. पिन-ड्राइव्हला मशीनवर त्याच्या मापाचा वेगळा अडॅप्टर लागतो. दोन्ही नसेल तर दुसरं दुकान बघा.

एक परीक्षा तिथंच घ्या. शून्य आल्यावर चाक मशीनवर सैल करून अर्धा फेरा फिरवून परत घट्ट करायला सांगा. पुन्हा शून्याजवळ आलं तर बसवणं खरं. वीस-तीस ग्रॅम दाखवलं तर आधीचं शून्य व्यर्थ होतं.

शक्य असेल तर टायरवर रोलर दाबून कडकपणातला फरक मोजणारं रोड फोर्स मशीन असलेल्या ठिकाणी जा. साध्या मशीनला लंबगोल टायरसुद्धा संतुलित वाटू शकतो.

मागची चाकं विसरू नका. कोब्रात मागची चाकं रुंद असतात, त्यामुळे पुढची मागे टाकून बघता येत नाहीत. टायरला ठरावीक फिरायची दिशा नसेल आणि चाकं स्पिनरवाली नसतील, तर पुढची डावी-उजवी बदलून बघता येतात.

## टप्पा ७: बेअरिंग आणि बॉल जॉइंट

चाक हवेत. हात वर आणि खाली धरून हलवा. मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. फक्त आडवं हललं तर टाय रॉड किंवा रॅक. वर-खाली हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलाई गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट.

बेअरिंग सीलबंद असेल तर त्यात ढिलाई अजिबात चालत नाही. मधला नट पुस्तकातल्या टॉर्कला आहे का बघा. घरी गाडी जोडताना लांब टॉर्क रेंच हाताशी नसतो, नट अंदाजानं आवळला जातो आणि तसाच राहतो.

## टप्पा ८: थरथर फक्त ब्रेकला असेल तर

टप्पा २ मध्ये ब्रेकचं उत्तर "नाही" असेल तर हा टप्पा सोडा.

"डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच असते. बहुतेक वेळा जाडी सगळीकडे सारखी नसते. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०२५ मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाला आणि हाताला कळतो. गॅरेजमध्ये दमट हवेत उभ्या गाडीच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटतो, तोही हेच करतो. आधी डिस्क आणि हबच्या मधला गंज काढा, डिस्क बसवून नट्स आवळून डगमग मोजा, मगच नवीन डिस्कचा विचार करा. हबावरचा गंज तसाच ठेवून बसवलेली नवी डिस्क काही हजार मैलांत जुन्यासारखीच होते.

## टप्पा ९: रॅक आणि टाय रॉड

गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर हवी. हवेत टांगलेल्या सांध्यांतली ढिलाई लपते. मदतनिसानं स्टिअरिंग थोडंसं, बोटभर, डावं-उजवं करत राहायचं. तुम्ही प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जा: बाहेरचा टाय रॉड एंड, रबरी बुटावरून आतला सांधा, रॅकची बुशं, रॅकचे बोल्ट. ढिला सांधा डोळ्याआधी हाताला टिचकीसारखा कळतो.

रॅकची उंची जुळवायला पुष्कळ जण मध्यापासून सरकवलेलं भोक असलेली बुशं लावतात. ती दोन्ही बाजूंना एकाच कोनात फिरवलेली आहेत का, आणि बोल्ट आवळताना फिरली तर नाहीत ना, हे बघा.

सावधान: ढिलाई काढायची म्हणून रॅकच्या मागचा जुळवणीचा स्क्रू आवळू नका. मध्यावर जरा झिजलेला रॅक तिथं ठीक वाटतो आणि पूर्ण वळवल्यावर अडकतो. वळणात अडकलेलं स्टिअरिंग थरथरीपेक्षा कितीतरी वाईट.

## टप्पा १०: स्टिअरिंग शाफ्ट

रॅकपासून डॅशबोर्डपर्यंतचा हा शाफ्ट इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपांच्या अगदी जवळून जातो आणि वाटेत दोन-तीन यू-जॉइंट (शाफ्टला कोनात वळू देणारे सांधे) असतात.

प्रत्येक यू-जॉइंट हातात धरून मरोडून बघा. आत बसणारा छोटा स्क्रू शाफ्टमध्ये पाडलेल्या खळग्यात बसलाय का, त्यावर लॉकनट आणि लॉक लावायचा द्रव आहे का? नुसता सपाट शाफ्टवर टेकलेला स्क्रू कधीतरी सुटतोच. तीन जॉइंट असतील तर मध्ये आधाराचं बेअरिंग लागतं. ते नसेल तर मधला तुकडा उड्या मारायच्या दोरीसारखा डोलतो. दोन जॉइंटचे काटे एका रेषेत नसतील तर एका फेरीत स्टिअरिंग दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. कोन ३५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

मग इंजिन सुरू करा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि बोनेट उघडून मदतनिसाला झटकन अॅक्सिलरेटर दाबायला सांगा. व्ही-८ इंजिन आपल्या माउंटवर एका बाजूला झुकतं. त्या झुकण्यात एक्झॉस्टचा पाइप शाफ्टला शिवतो का? शिवत असेल तर शाफ्टवर घासलेली चकाकी दिसते. मध्ये किमान बोटभर जागा हवी.

शेवटी डॅशबोर्डमागचं बेअरिंग आणि स्टिअरिंग व्हीलचा अडॅप्टर. काढता येणारं व्हील असेल तर त्याच्या खाचांतली ढिलाई बघा. एवढीशी ढिलाई व्हीलच्या कडेला मोठी होऊन जाणवते.

## टप्पा ११: थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर असेल तर

गाडी उभी ठेवून इंजिन त्याच फेऱ्यांवर न्या. थरथर आली तर चाकांना दोष देऊ नका.

फोर्ड ३०२ वाल्यांनी इथं एक गोष्ट खास तपासावी. या इंजिनाच्या जुन्या आवृत्तीचं बाहेरचं संतुलन (पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेलं जादा वजन) २८ औंस-इंचाचं होतं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते ५० झालं. पुढचा बॅलन्सर एका काळातला आणि मागचं फ्लायव्हील दुसऱ्या काळातलं असं इंजिन सुरू होतं, पळतंही, पण फेरे वाढले की सगळी चासी झणझणते. जुन्या भागांतून इंजिन बांधताना ही गल्लत सहज होते. दोन्हींवरचे नंबर वाचा. ही थरथर अंगावर काढू नका, तिनं मेन बेअरिंग जातात.

## टप्पा १२: अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

चुकीच्या अलाइनमेंटनं गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडा झिजतो. ठरावीक वेगाची थरथर त्यानं सहसा होत नाही. ढिले सांधे तसेच ठेवून केलेलं अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी टिकत नाही. म्हणून हे शेवटी.

आधी गाडीची उंची ठरवा, चालकाच्या जागी तुमच्या वजनाची पोती ठेवा, मग कोन. माझ्याकडे एकूण टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) १.६ मिलिमीटर आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) ४ अंश आहे. पॉवर स्टिअरिंग असलेले ७ पर्यंत जातात. सांध्यांत ढिलाई असताना कॅस्टर वाढवला तर डोलणं उलट वाढतं.

## शेवटची फेरी

त्याच रस्त्यावर, त्याच दाबानं, टायर गरम करून जा. मोबाइलचा नवा आलेख पहिल्याच्या शेजारी ठेवा. १३ वरचं टोक अगदी नाहीसं होणार नाही, इतक्या हलक्या आणि रबर नसलेल्या गाडीत ते होऊच शकत नाही. हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग स्थिर राहिलं आणि टोक पूर्वीच्या पाव-तृतीयांशावर आलं, की काम झालं समजा.

पन्नास मैलांनंतर, गाडी थंड झाल्यावर, चारही चाकांचे नट्स किंवा स्पिनर आणि अडॅप्टरचे नट्स पुन्हा टॉर्क रेंचनं बघा. रंग किंवा गंज काढलेल्या जागेवर पहिल्यांदा टॉर्क थोडा उतरतोच. माझ्या डाव्या अडॅप्टरचे दोन नट पाव फेरा फिरले होते. तो पाव फेराही वहीत लिहून ठेवलाय.